मासेमारीचे चिनी अक्षर 'यू' : ओळखावे कसे, लिहावे कसे, वाचावे कसे

चिनी भाषेत मासेमारीसाठी जे अक्षर आहे त्याचा उच्चार साधारणपणे 'यू' असा होतो, आणि माशासाठी जे वेगळे अक्षर आहे त्याचाही उच्चार नेमका तोच होतो. कानाला दोन्हींत काडीचाही फरक जाणवत नाही. फरक आहे तो केवळ लिखाणात, आणि तोही डाव्या बाजूच्या तीन छोट्या रेघांचा. चिनी शिकणारे, चिनी चित्रे पाहणारे किंवा जुन्या चिनी कवितांची भाषांतरे आवडीने वाचणारे मराठी वाचक या अक्षरापाशी हमखास अडखळतात, कारण शब्दकोशात 'मासे धरणे' एवढाच अर्थ सापडतो आणि त्या अर्थाने पुढचे निम्मे शब्दही उलगडत नाहीत. नदीकाठचा विरक्त म्हातारा आणि रयतेला लुबाडणारा अधिकारी, या दोघांसाठीही हेच अक्षर वापरले जाते. म्हणून हे अक्षर एकट्याने पाठ न करता त्याच्या शेजाऱ्यांसह शिकावे, असे माझे ठाम मत आहे आणि पुढची सारी मांडणी त्याच धोरणाने केली आहे.

अक्षर समोर आणणे

वाचायला बसण्यापूर्वी अक्षर डोळ्यांसमोर असावे. फोनच्या कळफलकात 'चिनी, पिनयिन' (पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत) हा पर्याय जोडावा आणि रोमन लिपीतील 'वाय' व 'यू' ही दोन अक्षरे टंकावीत. लगेच 'यू' उच्चाराच्या अक्षरांची लांबलचक रांग दिसेल, कारण मासा, पाऊस, जेड नावाचा हिरवा दगड, भाषा, शिल्लक अशी कितीतरी अक्षरे चढउताराचा फरक सोडला तर याच उच्चाराची आहेत. त्या रांगेत शोधत बसण्यापेक्षा 'वाय, यू, एम, आय, एन' असे सलग टंकावे. 'यूमिन' म्हणजे मच्छीमार हा शब्द वर येईल आणि त्यातले पहिले अक्षर हेच आपले अक्षर असेल. दुसरे अक्षर खोडून पहिले ठेवावे व ते मोठ्या आकारात पाहावे.

आता त्याचे दोन उभे भाग पाडावेत. डावीकडचा अरुंद भाग तीन छोट्या रेघांचा असून तो पाण्याची खूण आहे. चिनी शाळांत त्याला 'सान द्यान श्वेइ', म्हणजे 'तीन थेंब पाणी' म्हणतात. नदी, समुद्र, सरोवर, अश्रू, घाम, धुणे, पोहणे अशा असंख्य अक्षरांच्या डावीकडे हेच तीन थेंब असतात, त्यामुळे ते एकदा ओळखता आले की अनोळखी मजकुरातही पाण्याशी संबंधित अक्षरे डोळ्यांत भरू लागतात. उजवीकडचा रुंद भाग म्हणजे मासा. हा भाग स्वतंत्रपणेही अक्षर म्हणून वापरला जातो आणि तेव्हा त्याचा अर्थ फक्त 'मासा' असतो. पाण्याची खूण आणि मासा मिळून मासा धरण्याची क्रिया होते. उजवा भाग इथे दुहेरी काम करतो, कारण तो अर्थही सांगतो आणि उच्चारही देतो.

या अक्षराची दोन रूपे छापलेली आढळतात आणि दोन्ही ओळखता यायला हवीत. तैवान, हाँगकाँग आणि जुन्या ग्रंथांत पारंपरिक रूप दिसते; त्यात माशाच्या तळाशी चार ठिपके असतात आणि एकूण रेघा १४ होतात. मुख्यभूमी चीन आणि सिंगापूरमध्ये सुलभ रूप चालते. त्यात चार ठिपक्यांऐवजी एकच आडवी रेघ असते आणि एकूण रेघा ११ भरतात. चीनमध्ये सुलभीकरणाची योजना १९५६ साली जाहीर झाली आणि १९६४ च्या यादीने सुलभ रूपे पक्की केली. पारंपरिक रूपातील चार ठिपक्यांविषयी एक सूचना देणे गरजेचे आहे. इतर बऱ्याच अक्षरांत तळाचे असे चार ठिपके आगीची खूण असतात, त्यामुळे नवशिके 'पाणी, मासा आणि खाली आग' असा अर्थ लावून याला माशाचे कालवण समजतात. माशाच्या अक्षरात ते ठिपके आग नसून शेपटीचे अवशेष आहेत.

उच्चार

'यू' हे देवनागरी लेखन कामापुरते आहे, अचूक नव्हे. खरा उच्चार मिळवण्यासाठी जीभ 'ई' म्हणताना जिथे असते तिथेच स्थिर ठेवावी आणि ओठ मात्र 'ऊ' म्हणताना करतो तसे गोल करावेत. जीभ मागे सरकली की उच्चार बिघडला असे समजावे. याशिवाय आवाज खालून वर चढला पाहिजे, म्हणजे समोरच्याने काहीतरी अनपेक्षित सांगितल्यावर आपण 'हो?' असे विचारतो तेव्हा चढतो तसा. चिनी भाषेतील चार सुरांपैकी हा दुसरा सूर होय. हाच उच्चार तिसऱ्या, म्हणजे खाली जाऊन वळणाऱ्या सुरात केला तर 'पाऊस' होऊ शकतो आणि चौथ्या, म्हणजे वरून खाली पडणाऱ्या सुरात केला तर 'जेड'. मासा आणि मासेमारी यांचा सूरही एकच असल्यामुळे बोलताना गोंधळ झाला की चिनी लोक स्वतःच 'तीन थेंबांचा यू' असे स्पष्ट करून सांगतात. आपणही तसेच सांगावे.

लिहिण्याचा क्रम

चौकोनी घरांची वही घ्यावी. घराचा डावीकडचा साधारण तिसरा हिस्सा थेंबांना आणि उरलेला माशाला द्यावा. पहिला थेंब वर, दुसरा त्याच्या खाली किंचित डावीकडे, असे दोन ठिपके वरून खाली टेकवत काढावेत. तिसरी रेघ मात्र ठिपका नाही. ती खालून वर, डावीकडून उजवीकडे झटक्यात उचलायची असते आणि तिचे टोक माशाच्या दिशेने निघते. तीनही थेंब एका उभ्या ओळीत आले तर अक्षर ताठर दिसते. ते हलक्या कमानीत असावेत. शिकवणारे लोक विद्यार्थ्याच्या वहीत सर्वांत आधी याच तिसऱ्या रेघेकडे पाहतात, कारण ती वरून खाली ओढलेली असेल तर क्रम समजलेला नाही हे लगेच कळते.

सुलभ रूपातील मासा आठ रेघांचा आहे. प्रथम वर एक छोटी रेघ उजवीकडून डावीकडे खाली तिरकी ओढावी. मग तिच्या मध्यापासून उजवीकडे आडवे जाऊन हात न उचलता डावीकडे खाली वळावे. ही दुसरी रेघ झाली आणि माशाचे डोके तयार झाले. त्याखाली चौकट येते. तिची डावी बाजू ही तिसरी रेघ. वरची आडवी आणि उजवी बाजू मिळून हात न उचलता काढलेली चौथी. मधली आडवी पाचवी. मधली उभी सहावी. आणि चौकट बंद करणारी तळाची आडवी सातवी. शेवटी चौकटीच्या खाली, तिच्याहून लांब अशी आठवी आडवी रेघ ओढावी. पारंपरिक रूप लिहायचे असेल तर या आठव्या रेघेच्या जागी चार ठिपके द्यावेत, त्यांपैकी पहिला डावीकडे कललेला आणि उरलेले तीन उजवीकडे कललेले असतात. जपानी शाळांत चौकटीतील मधली उभी रेघ मधल्या आडव्या रेघेच्या आधी काढतात. ते चूक नव्हे, पण एका वहीत दोन पद्धती मिसळू नयेत.

जुनी रूपे

चीनमध्ये सापडलेले सर्वांत जुने मोठे लेखन हाडांवर आणि कासवांच्या पोटाकडील कवचांवर कोरलेले आहे. शांग राजवंशाच्या उत्तरकाळात, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण तेराव्या ते अकराव्या शतकांत, राजाचे ज्योतिषी त्यावर कौल लावत असत. १८९९ साली वांग यीरोंग या विद्वानाने हे लेखन ओळखले आणि पुढे हनान प्रांतातील आन्यांग परिसरातून ही हाडे व कवचे हजारोंच्या संख्येने निघाली. त्यांवर आपले अक्षर एकाच ठरलेल्या रूपात आढळत नाही. कुठे पाण्याच्या प्रवाहाभोवती चार मासे कोरले आहेत. कुठे एका हातातून दोरी निघून तिच्या टोकाला मासा लटकला आहे. तर कुठे दोन हातांनी जाळे धरले असून त्यात मासा आहे. घोळका, गळ आणि जाळे या तीनही पद्धती एका क्रियेची चित्रे म्हणून चालत होत्या. ज्याला हे अक्षर मनात पक्के बसवायचे आहे त्याने या तीन आकृत्या एकदा स्वतः काढून पाहाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन. आजच्या रूपातून हात आणि दोरी गळून पडली आहेत, पण क्रियेचा अर्थ त्यांच्यामुळेच आला आहे.

इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन याने ९,३५३ अक्षरांचा कोश रचला. त्यात 'मासे पकडणे' असा अर्थ देताना त्याने दोन मासे व पाणी असलेले रूप मुख्य नोंद म्हणून दिले आहे आणि एक मासा व पाणी असलेले रूप मुद्रालिपीतील, म्हणजे शिक्क्यांवर दिसणाऱ्या जुन्या वळणाच्या लिपीतील, म्हणून सोबत नोंदवले आहे. पुढे टिकले ते हे दुसरे, साधे रूप.

शेजारचे अक्षर पाहून अर्थ लावणे

आजच्या बोलीत हे अक्षर एकटे जवळजवळ येतच नाही. 'मी मासे धरायला जातो' असे चिनी माणसाला म्हणायचे असेल तर तो 'पू-यू' (मासे पकडणे) किंवा 'ता-यू' (शब्दशः मासे मारणे) म्हणतो, आणि गंमत अशी की त्या दोन्ही शब्दांत थेंब नसलेला मासाच लिहितात. कारण तिथे क्रियेचा भार पहिल्या अक्षराने उचललेला असतो. गळ टाकून मासे धरण्यासाठी तर वेगळेच अक्षर आहे, 'द्याओ'. त्याच्या डावीकडे पाण्याची नव्हे, धातूची खूण असते, कारण तिथे महत्त्व गळाच्या आकड्याला आहे. 'द्याओ-यू' म्हणजे गळाने मासे धरणे, आणि यातही मासा थेंबांशिवायच लिहायचा. परीक्षांत गुण जातात ते अशाच ठिकाणी.

नियम असा धरावा : वस्तू म्हणून मासा असेल तर थेंब नकोत, धंदा, साधन, माणूस किंवा क्रियेचा संबंध असेल तर थेंब हवेत. त्यानुसार यूमिन (मच्छीमार), यूछ्वान (मासेमारीची होडी), यूवांग (मासेमारीचे जाळे), यूगांग (मासेमारी बंदर), यूछुन (कोळीवाडा, मच्छीमारांचे गाव) आणि यूये (मत्स्यव्यवसाय) हे सारे शब्द थेंबांसह लिहिले जातात. जाळ्यासाठी थेंबांशिवायचे लेखनही जुन्या छापील मजकुरात आढळते, पण आज थेंबांसहचेच लेखन प्रमाण मानले जाते. एक अपवाद आवर्जून लक्षात ठेवावा. दक्षिण चीनमधील ली नदीवर पाणकावळ्यांकडून मासे धरवून घेण्याची जुनी रीत आहे; त्या पक्ष्याचे लोकप्रचलित नाव 'यूयिंग', म्हणजे मत्स्यगरुड, हे थेंबांशिवाय लिहितात, जरी त्याचा सारा संबंध मासेमारीशीच असला तरी.

'द्याओ'ला मराठी वाचकाने आपल्या 'गळ'शी जोडून ठेवावे, कारण दोन्ही भाषांत त्याचे लाक्षणिक वळण जवळजवळ सारखे आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक 'गळाला लागते'. चिनीत प्रसिद्धीसाठी धडपडणाऱ्याला 'नाव विकत घेणारा, कीर्ती गळाने धरणारा' म्हणतात, आणि इंटरनेटवर खोटी पाने उभारून लोकांचे संकेतशब्द चोरण्याच्या उद्योगाला 'जालावरची द्याओ-यू' असे नाव आहे.

लुबाडणुकीचा अर्थ

आता अक्षराची काळी बाजू. पाण्यात स्वस्थ असलेला जीव बाहेरच्याने येऊन ओढून काढणे, या कल्पनेतून प्राचीन काळीच 'हक्क नसताना घेणे' हा अर्थ निघाला. 'यूली' म्हणजे गैरमार्गाने नफा मिळवणे. 'छिनयू' म्हणजे अधिकाराच्या जोरावर लोकांचे हिरावून घेणे. 'यूस' म्हणजे स्त्रियांच्या मागे लागणे. शेवटचा शब्द कन्फ्यूशियस परंपरेच्या विधिग्रंथातून आला असून तिथे सरदाराने आपल्याच प्रजेतील स्त्रिया अशा रीतीने वेचू नयेत, असे बजावले आहे. मजकुरात या अक्षराच्या पुढे फायदा, रूप किंवा प्रजा यांपैकी काही आले आणि पाण्याचा कुठे मागमूस नसला, तर निषेधाचा अर्थ घ्यावा.

याच कुळातील सर्वांत प्रसिद्ध शब्दप्रयोग मात्र निषेधापेक्षा इशाऱ्याचा आहे. युद्धरत राज्यांच्या काळात झाओ राज्य यान राज्यावर चालून जाण्याच्या बेतात असताना सू दाय हा मुत्सद्दी झाओच्या राजाला भेटला आणि यी नदीच्या काठी पाहिलेली गोष्ट म्हणून त्याने ही कथा सांगितली. शिंपला ऊन खात उघडा पडला होता. पाणलाव्याने त्याच्या मांसात चोच खुपसली. शिंपल्याने चोच गच्च धरली. आज पाऊस नाही, उद्या पाऊस नाही, मग तू मेलास, असे पक्षी म्हणतो. आज सुटका नाही, उद्या सुटका नाही, मग तू मेलास, असे शिंपला म्हणतो. तेवढ्यात मच्छीमार येऊन दोघांनाही उचलून नेतो. यान आणि झाओ असेच झुंजत राहिले तर बलाढ्य छिन राज्य तो मच्छीमार ठरेल, हे राजाला पटले आणि त्याने मोहीम थांबवली. 'मच्छीमाराचा लाभ' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांच्या राजकीय मथळ्यांत आजही सर्रास भेटतो, आणि तिथे मासे शोधू नयेत.

नदीकाठचा म्हातारा

अक्षराची उजळ बाजू समजण्यासाठी 'यूफू' हा शब्द शिकावा. त्यातील दुसरे अक्षर एरवी 'वडील' या अर्थाने चौथ्या सुरात वाचले जाते, पण इथे ते तिसऱ्या सुरात वाचून 'वडीलधारा पुरुष' असा आदराचा अर्थ घ्यायचा असतो. यूफू म्हणजे म्हातारा मच्छीमार. हा पोट भरण्यासाठी मासे धरणारा साधा माणूस नाही. जगाचे सारे कळूनही जगापासून अंतर राखणारा तो शहाणा आहे.

त्याचे मूळ रूप छू राज्याचा कवी आणि मंत्री छू युआन याच्याशी जोडलेल्या एका जुन्या रचनेत भेटते. दरबारातून हाकलला गेलेला छू युआन काळवंडलेल्या चेहऱ्याने नदीकाठी भटकत असताना त्याला एक म्हातारा मच्छीमार भेटतो. सारे जग गढूळ आहे आणि मी एकटा स्वच्छ, सारे झिंगलेले आहेत आणि मी एकटा शुद्धीवर, असे कवी सांगतो. म्हातारा वाद घालत नाही. तो हसतो, वल्ह्याने होडीच्या कडेला ठोका देतो आणि गात निघून जातो : त्सांगलांग नदीचे पाणी स्वच्छ असेल तर त्यात मी टोपीचे बंद धुवीन, गढूळ असेल तर पाय धुवीन. टोपीचे बंद हे सरकारी पदाचे चिन्ह होते, हे माहीत असले की गाण्याचा अर्थ कळतो : काळ चांगला असेल तर राज्याची सेवा करावी, वाईट असेल तर पाय धुऊन बाजूला व्हावे. छू युआनने हा सल्ला मानला नाही आणि मीलुओ नदीत देह टाकला. पण पुढच्या दोन हजार वर्षांत पद गमावलेल्या किंवा पदाला कंटाळलेल्या प्रत्येक चिनी विद्वानाने त्या म्हाताऱ्यात स्वतःला पाहिले. कवीचा ताठपणा आणि मच्छीमाराची लवचीकता यांपैकी कोण बरोबर, याचा निकाल ती रचना देत नाही, आणि तिची थोरवी मला त्यातच वाटते.

या म्हाताऱ्याचे आणखी दोन भाऊबंद आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. वेइ नदीच्या खोऱ्यात गळ टाकून बसलेला ज्यांग थायगोंग हा पहिला. दंतकथा सांगते की त्याच्या गळाचा आकडा सरळ होता, कारण त्याला मासा नको होता, राजा हवा होता. झोऊचा राजा वन तिथे आला, त्याने म्हाताऱ्याला सोबत नेले आणि पुढे झोऊ घराण्याने शांग घराण्याचा पाडाव केला. 'ज्यांग थायगोंगची मासेमारी, ज्याची इच्छा तोच गळाला लागतो' ही म्हण त्यावरून आली. दुसरा यान ग्वांग. तो हान घराण्याची पुनर्स्थापना करणाऱ्या ग्वांगवू सम्राटाचा तरुणपणीचा सहाध्यायी. मित्र गादीवर आल्यावर मोठे पद चालून आले, पण ते नाकारून तो आजच्या झज्यांग प्रांतात फूछुन नदीच्या काठी राहिला, आणि तिथला 'यान याचा गळाचा ओटा' आजही दाखवला जातो. एकाने बोलावणे यावे म्हणून गळ टाकला, दुसऱ्याने बोलावणे टाळण्यासाठी. चित्रात एकटा मच्छीमार दिसला की या दोहोंपैकी कोणता, हे भोवतालच्या ओळींवरून ठरवावे. राजाचा लवाजमा किंवा भेटीचा प्रसंग असेल तर थायगोंग. डोंगर, धुके आणि निर्जन काठ असेल तर बहुधा यान ग्वांगची परंपरा.

तांग काळातील ल्यू झोंगयुआन (७७३ ते ८१९) हा राजकारणात हरून हूनानमधील योंगझोऊ येथे धाडला गेला असताना त्याने अवघ्या वीस अक्षरांची एक कविता लिहिली. हजार डोंगरांत पक्षी नाहीत, दहा हजार वाटांवर पाऊल नाही, आणि एका होडीत इरल्यातला एकटा म्हातारा बर्फाच्या नदीत गळ टाकून आहे. तिथे अक्षर 'यू' नाही, 'द्याओ' आहे, आणि ते योग्यच आहे, कारण जाळे टाकणाऱ्याला बहुधा सोबत लागते, गळ टाकणारा एकटा असू शकतो. युआन काळातील वू झन या चित्रकाराने असे मच्छीमार पुन्हा पुन्हा रंगवले. मोंगल राजवटीखाली नोकरी न पत्करलेल्या विद्वानांना ती प्रतिमा जवळची होती. लाकडी पडद्यांवर, फुलदाण्यांवर आणि घरांच्या कोरीव कामात 'यू, छ्याओ, गंग, दू' म्हणजे मच्छीमार, लाकूडतोड्या, शेतकरी आणि वाचक अशी चौकडी दिसते. तीत पहिला मान मच्छीमाराचा असून त्या जागी बहुधा यान ग्वांगच मानला जातो.

संयमाची शिकवण

'ज्येझ अर यू' हा चार अक्षरी शब्दप्रयोग शाळकरी मुलांनाही पाठ असतो : तळे उपसून मासेमारी करणे. छिन राज्याचा मंत्री ल्यू बूवेइ याने इसवी सनापूर्वी २३९ च्या सुमारास तयार करवून घेतलेल्या ग्रंथात त्याची कथा आहे. छंगपूच्या लढाईआधी जिन राज्याच्या वन या अधिपतीला कपटाचा सल्ला मिळाला, तेव्हा योंग जी याने सांगितले की तळे उपसले तर मासे मिळणार नाहीत असे कोण म्हणेल, पण पुढच्या वर्षी मासे उरणार नाहीत. इथे 'यू' अक्षर खऱ्या क्रियापदासारखे एकटे उभे आहे, म्हणून व्याकरण शिकण्यासाठीही हे उदाहरण उत्तम. कन्फ्यूशियसबद्दल त्याच्या शिष्यांनी नोंदवले आहे की तो गळाने मासे धरी, पण नदी अडवून टाकणारी जाळ्याची दोरी वापरीत नसे. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील तत्त्वज्ञ मेन्शियस याने राजाला बारीक आसाची जाळी तळ्यात टाकू देऊ नये, असे बजावले होते.

हीच भाषा आजच्या कायद्यात आली आहे. 'श्यूयू' म्हणजे मासेमारीला विश्रांती. पीत समुद्र व पूर्व चीन समुद्रात उन्हाळी बंदी १९९५ पासून आणि दक्षिण चीन समुद्रात १९९९ पासून लागू झाली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, त्यामागचा हेतूही माशांना अंडी घालू देण्याचाच असल्याने आपल्याकडच्या कोळी वाचकाला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. बंदी उठते त्या क्षणाला 'काययू' म्हणतात आणि झज्यांगमधील श्यांगशान येथे त्याचा मोठा उत्सव होतो. यांगत्से नदीवर १ जानेवारी २०२१ पासून दहा वर्षांची 'जिनयू', म्हणजे संपूर्ण मासेमारीबंदी, सुरू आहे. तिच्यापायी दोन लाखांहून अधिक मच्छीमारांना नदी सोडावी लागली. श्यूयू म्हणजे हंगामापुरती विश्रांती, जिनयू म्हणजे मनाई. बातमी वाचताना हा फरक पाहावा.

शुभेच्छा देताना कोणता 'यू'

चिनी नववर्षाच्या चित्रांत गुटगुटीत मूल मोठा मासा कवटाळून बसलेले असते आणि वर 'न्यान न्यान योऊ यू' असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ 'दरवर्षी शिल्लक राहो' असा आहे, कारण 'शिल्लक' या अर्थाच्या अक्षराचा उच्चारही दुसऱ्या सुरातला 'यू' आहे. चित्रात मासा काढायचा, ओळीत शिल्लक लिहायची, किंवा ओळीतही मासाच लिहायचा, हे दोन्ही चालते. मासेमारीचे, तीन थेंबांचे अक्षर मात्र या ठिकाणी कधीही लिहू नये. 'दरवर्षी मासेमारी होवो' अशी शुभेच्छा कोणी देत नाही. तिआनजिनजवळच्या यांगल्यूछिंगची अशी चित्रे प्रसिद्ध असून त्यांत माशासोबत कमळही असते, कारण कमळाचा 'ल्यान' हा उच्चार 'सलग' या शब्दाशी जुळतो.

उलट, शिक्षकाला भेट देण्यासाठी किंवा वाचनालयाच्या भिंतीसाठी अक्षर हवे असेल तर थेंबांचाच यू निवडावा. 'शोऊ रन यी यू, पूरू शोऊ रन यी यू' : माणसाला मासा देण्यापेक्षा मासेमारी शिकवावी. दोन्ही अर्धे ऐकायला सारखेच संपतात आणि संपूर्ण अर्थ शेवटच्या अक्षराच्या तीन थेंबांवर तोललेला आहे, म्हणून हे वचन बोलण्यापेक्षा लिहिण्यात शोभते. ते प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओत्झूचे म्हणून सर्वत्र फिरते, पण त्याच्या ग्रंथात ते नाही. भिंतीवर लिहिताना त्याचे नाव खाली घालू नये.

कोणाच्या दुकानावर, पदकावर किंवा हातावर गोंदण्यासाठी हे अक्षर एकटेच हवे असेल तर ते वाचणारा कोण असेल याचा विचार करावा. चिनी वाचकाला एकटे अक्षर अर्धवट वाटते, म्हणून 'यूफू' किंवा 'यूग' (मच्छीमारांचे गाणे) अशी जोडी अधिक चांगली. जपानमध्ये पारंपरिक रूपच चालते आणि त्याचे 'ग्यो' व 'र्यो' असे दोन उच्चार आहेत. मत्स्यव्यवसाय 'ग्योग्यो', पण मच्छीमार 'र्योशी', कारण शिकारीसाठीच्या अक्षराचा उच्चार इथे येऊन मिसळला. कोरियनमध्ये त्याचा उच्चार 'अ' आणि 'ओ' यांच्या मधला असून म्हातारा मच्छीमार तिथे 'ओबू' होतो. व्हिएतनामीत हा उच्चार 'न्गू' आहे, आणि तिथे लेखन आता रोमन लिपीत असल्याने तीन थेंब कुठेच दिसत नाहीत; 'न्गू' मासा की मासेमारी, हे पूर्णपणे पुढच्या शब्दावरूनच ठरवावे लागते.